मांजराची कातडी रबरासारखी ताणली जाते आणि सहज फाटते: क्युटेनियस अस्थेनियाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा आजार नेमका आहे तरी काय?

फेलाइन क्युटेनियस अस्थेनिया हा मांजरांमधला जन्मजात, आनुवंशिक आणि दुर्मीळ आजार आहे. माणसांत ज्याला एहलर्स-डान्लॉस सिंड्रोम म्हणतात, त्याचंच हे मांजरातलं रूप. म्हणून डॉक्टरांच्या कागदावर कधी एक नाव दिसतं, कधी दुसरं. डेन्मार्कचे एडवर्ड एहलर्स यांनी १९०१ मध्ये आणि फ्रान्सचे आंरी-अलेक्झांद्र डान्लॉस यांनी १९०८ मध्ये माणसांमधल्या रुग्णांचं वर्णन केलं, त्यावरून ते नाव पडलं.

मूळ दोष कोलॅजनमध्ये असतो. कातडीला बळकटी देणारं हे प्रथिन. त्याच्या तीन साखळ्या एकमेकींभोवती पीळ घेतात, असे अनेक पीळ शेजारी-शेजारी बसून तंतू होतो आणि तंतूंचे जुडगे कातडीत जाळ्यासारखे पसरतात. सुंभाचा पीळ कुठे सैल, कुठे उलटा पडला तर दोर दिसायला दोरच राहतो, पण भार आला की सुटतो. या मांजरांच्या कातडीचंही तसंच होतं. वरून बघायला गेलं तर मऊ, मखमली, सुंदर. ताण सहन करायची ताकद मात्र नाही.

माझ्या मांजराची मानेची कातडी खूप सैल आहे. त्याला हाच आजार असेल का?

बहुतेक नाही. निरोगी मांजराचीही मानगूट आणि पाठ सैलच असते. मारामारीत दुसऱ्याच्या दातात कातडी सापडली तरी आत वळता यावं, यासाठी ती सोय आहे. पोटाखाली लोंबणारी घडीसुद्धा बहुतेक मांजरांना असते, तिचा या आजाराशी काही संबंध नाही.

शंका घ्यायची ती सैलपणासोबत फाटणं असेल तेव्हा. खाजवल्यावर, उडी मारताना कुठेतरी घासल्यावर, नुसतं उचलल्यावर कातडीला चीर पडली, आणि असं एकदा नव्हे तर पुन्हा पुन्हा झालं, तर तपासणी करून घ्या. अंगावर जुन्या पांढरट वणांच्या रेघा दिसत असतील तर उशीर करू नका.

लक्षणं केव्हापासून दिसतात?

दोष जन्मापासून असतो, पण लक्षात येतो तो साधारणपणे पिल्लू हुंदडायला लागल्यावर. भावंडांशी खेळताना दात-नखं लागतात आणि बाकीच्यांना ओरखडासुद्धा येत नाही तिथे याची कातडी उघडते. आई पिल्लाला मानगुटीला धरून हलवते, तिथेही जखम होऊ शकते. काहींच्या बाबतीत पहिली जखम थेट दवाखान्यात होते: लस देण्यासाठी मानगूट पकडली आणि हातात फाटली. अशा वेळी पालक डॉक्टरांवर चिडतात आणि डॉक्टर बिचारे चक्रावून गेलेले असतात. आधी कुणालाच कल्पना नसेल तर यात कुणाची चूक नसते.

चिरांखेरीज आणखी काही गोष्टी दिसू शकतात. कातडीखाली रक्ताच्या गाठी होतात. कोपर, खांदा, पाठ अशा ठिकाणी सैल घड्या लोंबतात. हाडाच्या उंचवट्यांवर पाणी साचून मऊ फुगवटे येतात. सगळ्याच मांजरांत सगळं दिसत नाही. एकाच घराण्यातल्या दोन मांजरांतही तीव्रता वेगळी असू शकते.

एवढी मोठी चीर पडली, पण रक्त जवळजवळ आलंच नाही. असं कसं?

या आजारात हे नेहमी दिसतं, आणि पहिल्यांदा बघणाऱ्याला धडकी भरते. चीर पडली की कडा लगेच दोन्ही बाजूंना सरकतात, मध्ये गुलाबी, ओलसर थर उघडा पडतो, आणि जमिनीवर रक्ताचा थेंबही नसतो. मांजर कधी कधी तशाच अवस्थेत वाटीपाशी येऊन खायला मागतं.

म्हणून त्याला दुखत नाही, असं मात्र धरून चालू नका. वेदना लपवणं मांजराच्या स्वभावातच आहे. एका जागी गोळा होऊन बसणं, अर्धवट मिटलेले डोळे, चाटणं बंद होणं किंवा एकाच जागी सतत चाटत राहणं, पलंगाखालून बाहेर न येणं ही दुखण्याचीच चिन्हं. वेदनाशामक लागेल की नाही ते डॉक्टर ठरवतील. घरातली पॅरासिटामॉलची गोळी चुकूनही देऊ नका. मांजरासाठी ती थोड्या मात्रेतही जीवघेणी ठरते.

निदान कसं करतात?

सुरुवात मोजपट्टीने होते. पाठीच्या मागच्या भागावरची कातडी हलक्या हाताने वर उचलायची आणि घडीची उंची मोजायची. मग डोक्याच्या मागच्या उंचवट्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत अंगाची लांबी मोजायची. उंचीला लांबीने भागून १०० ने गुणलं की कातडी किती ताणली जाते त्याचा निर्देशांक मिळतो. मांजरात तो १९% च्या वर गेला तर या आजाराची दाट शंका घेतात. कुत्र्यांसाठी ही सीमा १४.५% आहे.

समजा मांजराची लांबी ३२ सेंटीमीटर आहे आणि घडी ७ सेंटीमीटर उंच आली. निर्देशांक जवळपास २२% झाला. तेवढ्याच लांबीच्या मांजराची घडी साडेचार सेंटीमीटर आली तर तो १४% म्हणजे नेहमीच्या मर्यादेत.

हिशेब सोपा आहे म्हणून घरी करून बघायचा मोह होतो. करू नका. मोजण्याच्या नादात कातडी फाटल्याने सिद्ध झालेलं निदान कुणालाच नको असतं.

मग बायोप्सी कशासाठी? आणि जनुकीय चाचणी आहे का?

कातडीचा छोटा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. मॅसन ट्रायक्रोम नावाच्या रंगप्रक्रियेत निरोगी कोलॅजन निळं दिसतं, बिघडलेल्या तंतूंमध्ये लालसर भाग दिसू शकतात. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तंतूंची जाडी आणि मांडणी विस्कटलेली दिसते. पण एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: काही मांजरांत साधी बायोप्सी अगदी नॉर्मल येते. अहवाल चांगला आला म्हणजे आजार नाही, असं होत नाही. निर्देशांक, वय, जखमांचा इतिहास आणि बायोप्सी यांचा मेळ घालूनच डॉक्टर निष्कर्ष काढतात.

जनुकांच्या बाजूने गेल्या काही वर्षांत बरंच कळलं आहे. २०१८ मध्ये हा आजार असलेल्या एका मांजरात सीओएल५ए१ या जनुकातला बदल सापडला. हे जनुक पाचव्या प्रकारचं कोलॅजन बनवायला लागतं. कातडीत त्याचं प्रमाण अगदी थोडं असतं, पण बाकीचे तंतू किती जाड व्हावेत हे तेच ठरवतं. पुढे याच जनुकातले वेगळे बदल इतर मांजरांतही सापडले. अडचण इथेच आहे. प्रत्येक घराण्यातला बदल वेगळा असू शकतो, त्यामुळे एका ठरावीक बदलाची चाचणी नकारात्मक आली तरी मांजर सुटलं असं म्हणता येत नाही.

आमचं मांजर दहा वर्षांचं आहे आणि कातडी आत्ता आत्ता फाटायला लागली. हाच आजार?

जवळजवळ नक्कीच नाही, आणि हा फरक फार महत्त्वाचा आहे.

मध्यम वयाच्या किंवा म्हाताऱ्या मांजरात कातडी अचानक नाजूक झाली तर तो नंतर उद्भवलेला प्रकार असतो, आणि त्याच्या मागे दुसरं दुखणं दडलेलं असतं. बऱ्याचदा कुशिंग म्हणजे शरीरात कॉर्टिसॉल जास्त होणं, त्याच्या जोडीला अनेकदा मधुमेह. दीर्घकाळ दिलेली स्टेरॉइड्स, मेजेस्ट्रॉलसारखी हार्मोनची औषधं, यकृतात चरबी साठणं, एफआयपी हा मांजरांचा विषाणूजन्य आजार, काही कर्करोग, ही आणखी कारणं. या प्रकारात कातडी कागदासारखी पातळ होते, आतल्या शिरा दिसायला लागतात, पण ती फारशी ताणली जात नाही. जन्मजात आजारात उलट, ताणली जाणं हीच मोठी खूण.

अशा मांजराच्या जखमेवर मलम लावत बसण्यात वेळ घालवू नका. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, जे डॉक्टर सांगतील ते लवकर करून घ्या. मूळ कारण सापडलं आणि ते उपचाराजोगं असलं, तर कातडी सुधारण्याची आशा असते.

तोंडात आणि पंजांच्या गाद्यांवर फोड येतात, नखं गळून पडतात. हे काय?

हे एपिडर्मोलायसिस बुलोसाच्या दिशेने जातं. तोही आनुवंशिक, तोही दुर्मीळ, पण यंत्रणा वेगळी. तिथे कातडीचा वरचा थर खालच्या थराला धरून ठेवणारा सांधा कच्चा असतो, म्हणून घासलं की फोड येतो आणि साल निघते. कातडी ताणली जात नाही. जिभेवर, हिरड्यांवर, टाळूला, पंजांवर व्रण दिसतात. दोन्हींची काळजी काही बाबतीत सारखी असली तरी निदान वेगळं करून घ्यायलाच हवं.

दुसऱ्या मांजराला किंवा आम्हाला लागण होईल का?

नाही.

हा आजार पिल्लांमध्ये कसा उतरतो?

दोन तऱ्हा माहीत आहेत. १९७७ साली मांजरांतल्या ज्या आनुवंशिक नाजूक कातडीचं सविस्तर वर्णन झालं, ती प्रभावी तऱ्हेची होती. म्हणजे आई किंवा बाप यांच्यापैकी एकाकडून बिघडलेलं जनुक आलं तरी पुरे. अशा मांजराच्या प्रत्येक पिल्लाला आजार होण्याची शक्यता ५०%.

दुसरी तऱ्हा अप्रभावी. १९८० मध्ये एका हिमालयन मांजरात तिचं वर्णन झालं. कोलॅजन तयार होताना त्याच्या टोकाला एक जादा तुकडा असतो, तो एक विकर कापून टाकतं. ते विकर नीट चाललं नाही की तुकडा तसाच राहतो आणि तंतू सरळ रचले जात नाहीत. गायींमध्येही हाच बिघाड सापडला आहे, तिथे त्याला डर्मॅटोस्पॅरॅक्सिस म्हणतात. या तऱ्हेत आई आणि बाप दोघंही दिसायला ठणठणीत पण वाहक असतात, म्हणजे बिघडलेल्या जनुकाची एकेक प्रत त्यांच्यात असते. त्यांच्या पिल्लांत आजाराची शक्यता २५%. जी भावंडं निरोगी दिसतात, त्यांच्यातलीही सरासरी तिनात दोन वाहक निघतात.

कधी कधी आई-बाप पूर्ण निरोगी असताना एखाद्या पिल्लात जनुकातला बदल नव्यानेच होतो. तेव्हा ब्रीडरला लगेच लबाड ठरवू नका, पण त्याला कळवा मात्र नक्की. आजारी मांजर, त्याचे आई-बाप आणि भावंडं यांच्यापासून पुढे पिल्लं घ्यायची नाहीत, याबाबत मला तरी दुसरं मत दिसत नाही. जो ब्रीडर 'एकच पिल्लू तसं निघालं' म्हणून तीच जोडी पुन्हा लावतो, त्याच्याकडून मांजर घेऊ नये.

कोणत्या जातीत जास्त?

हिमालयन आणि बर्मीज मांजरांतली उदाहरणं नोंदवलेली आहेत, पण साध्या आखूड केसांच्या, कुठल्याच जातीच्या नसलेल्या मांजरांतही तो सापडतो. जातीवरून खात्री बाळगता येत नाही आणि घाबरूनही जाता येत नाही. नर-मादी असाही फरक नाही.

औषध आहे का? व्हिटॅमिन सी द्यावं का?

आजार बरा करणारं औषध नाही. कोलॅजनची पूड, कातडी घट्ट करणारी तेलं, मासळीचं तेल, यांपैकी कशानेही जनुक दुरुस्त होत नाही. खाल्लेलं कोलॅजन पोटात पचतं, त्याचे तुकडे होतात. ते जसंच्या तसं कातडीत जाऊन बसत नाही.

व्हिटॅमिन सीमागे निदान तर्क आहे, कारण कोलॅजनचे पीळ पक्के होताना ते लागतं, आणि काही पशुवैद्य ते देऊन बघतात. पण मांजर स्वतःच्या यकृतात हे जीवनसत्त्व तयार करतं, त्याला माणसासारखी कमतरता पडत नाही, आणि फायदा होतो याचा ठोस पुरावा नाही. जास्त मात्रेत लघवीच्या खड्यांचा धोका वाढू शकतो. द्यायचं तर डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत. न दिल्यानं तुम्ही काही गमावत नाही.

उलट एक औषध टाळायचं आहे, ते म्हणजे स्टेरॉइड. ते कातडी आणखी पातळ करतं आणि जखम भरणं लांबवतं. खाज किंवा ॲलर्जीसाठी कुणी ते सुचवलं तर आजाराचं नाव आधी सांगा आणि दुसरा पर्याय विचारा.

मग करायचं काय? उचलायचं तरी कसं?

या आजाराचा खरा उपचार माणसांच्या हातात आहे. बहुतेक जखमा होतात त्या पकडताना, ओढताना, सोडवताना. घरातल्या प्रत्येकाचे हात शिकवले की निम्मं काम झालं.

मानगुटीला कधीच धरायचं नाही. पिल्लू असलं तरी नाही, दोन सेकंदांसाठीही नाही. बगलेत हात घालून वर ओढायचं नाही. मांजराच्या शेजारी बसा, एक हात छातीखालून सरकवा म्हणजे पुढचे पाय तुमच्या मनगटावर टेकतील, दुसरा हात मागच्या पायांखाली. सगळं वजन हाताच्या पंजावर आणि कोपरापर्यंतच्या भागावर यायला हवं, बोटांच्या चिमटीत कुठेही कातडी नको. मग अंगाशी घेऊन उठा. अंगठी, घड्याळ, बांगड्या काढून ठेवा, नखं कापलेली असू द्या.

ते सुटायला धडपडलं तर घट्ट धरू नका. गुडघ्यावर बसा आणि त्याला जमिनीवर उतरू द्या. पकड आवळण्याच्या त्या एका क्षणातच कातडी जाते. लहान मुलांना साधा नियम पुरे: मांजर स्वतः मांडीवर आलं तर हात फिरवायचा, उचलायचं नाही. आणि उचलण्यापेक्षा हाक मारून, खाऊ दाखवून त्याला हवं तिथे आणण्याची सवय लावा. हे शिकवायला वेळ लागतो, पण सगळ्यात जास्त फायदा याचाच होतो.

घरात काय बदल करावेत?

मांजर घराबाहेर सोडायचं नाही. कुंपणाची तार, झाडाची साल, रस्त्यावरची भांडणं, कुठलीही एक पुरे.

घरात जमिनीवर बसून मांजराच्या उंचीवरून बघा. टेबलाखालचे बाहेर आलेले स्क्रू, वेताच्या खुर्चीचे सुटलेले काटे, जाळीची तुटलेली टोकं, फुटलेली फरशी, पलंगाच्या कडा. जिथे ते घासून जातं तिथे फोम किंवा कापड लावा. उंच कपाटावरून एकदम उडी मारण्याऐवजी पायऱ्या किंवा उतरता फळीचा रस्ता द्या. अंथरूण जाड आणि मऊ असू द्या. विणीचे दोरे सुटलेली लोकरीची शाल नको, त्यात नख अडकतं आणि मग ते झटका देतं. गळ्यात घट्ट पट्टा नको. ब्रशऐवजी ओला मऊ हातमोजा वापरा. लांब केसांचं मांजर असेल तर गाठी होऊच देऊ नका. गाठ ओढली की खालची कातडीही येते.

घरात दुसरं मांजर किंवा कुत्रा आहे. चालेल?

दुसरं प्रौढ, शांत मांजर असेल आणि दोघांचं जमत असेल तर चालतं. कुस्ती खेळणारं पिल्लू किंवा उत्साही कुत्रं मात्र धोक्याचं. प्रेमाने खेळतात हे खरं, पण दात दातच असतात. नर-मादी एकत्र असतील तर दोघांचीही नसबंदी आधी. बोका मीलनाच्या वेळी मादीची मानगूट दातांत पकडतो, हे विसरू नका.

नखांचं काय? ती कायमची काढून टाकावीत का?

नाही. त्या शस्त्रक्रियेत बोटाचं शेवटचं पेरंच कापतात. वेदना वेगळ्या, आणि या मांजराच्या पंजांना भरून येण्यासाठी मजबूत कातडी मुळातच नसते.

दर आठ-दहा दिवसांनी टोकं कापा. सगळ्यात महत्त्वाची मागच्या पायांची, कारण स्वतःला खाजवताना जखमा त्यांनीच होतात. काही जण नखांवर मऊ टोप्या चिकटवतात. मांजराने त्या सहन केल्या तर उपयोगी, नाहीतर त्या काढण्याच्या झटापटीतच नुकसान व्हायचं.

पिसवा झाल्या तर?

इथे लवकर हालचाल करा. निरोगी मांजरात पिसवा म्हणजे खाज, इथे पिसवा म्हणजे चिरा. वर्षभर नियमित प्रतिबंध ठेवा, डॉक्टरांनी मांजरासाठीच दिलेल्या औषधाने. कुत्र्यांसाठीच्या पर्मेथ्रिनच्या थेंबांनी मांजरं दगावतात. कानातले किडे, बुरशी, ॲलर्जी, खाज आणणारं काहीही असो, त्याला याच घाईने घ्या.

कातडी फाटली. आत्ता, या क्षणी काय करू?

आधी मांजराला एका लहान, बंद खोलीत घ्या आणि त्याला शांत होऊ द्या. पळत सुटलेल्या मांजराला पकडायला धावलात तर दुसरी चीर पडेल.

स्वच्छ सलाइन असेल तर त्याने जखम हळूच धुवा. नसेल तर उकळून गार केलेल्या अर्धा लिटर पाण्यात चहाचा एक सपाट चमचा मीठ विरघळवा आणि ते सिरिंजने, सुई न लावता, जखमेवर सोडा. चोळू नका. कापसाचे तंतू चिकटतात, त्यामुळे कापूस नको, गॉझ घ्या. हायड्रोजन पेरॉक्साइड नको, फिनॉल वर्गातली घरगुती जंतुनाशकं नकोत, टी ट्री तेल तर अजिबात नको, मांजरासाठी ती विषारी आहेत.

लोंबणारा कातडीचा तुकडा कापू नका. तो जिवंत असतो आणि डॉक्टरांना जखम झाकायला उपयोगी पडतो. त्याला हळूच जागेवर पसरवा, वर ओलसर गॉझ ठेवा. चिकटपट्टी कातडीवर कधीच लावू नका. ती काढताना नवी जखम होते. स्वतःलाच चिकटणारं बँडेज, सैल गुंडाळलेलं, किंवा लहान बाळाचं मऊ झबलं चालतं. चाटू नये म्हणून प्लास्टिकचा कडक कोन घातला तर त्याची कड मानेला कापते. कापडी किंवा हवा भरलेला कोन घ्या.

मग फोटो काढून डॉक्टरांना पाठवा. नखाएवढी, स्वच्छ चीर घरी लक्ष ठेवून भरून येऊ शकते, पण ते ठरवायचं डॉक्टरांनी. चीर मोठी असेल, वास किंवा पू येत असेल, मांजर जेवत नसेल, तर त्याच दिवशी घेऊन जा.

टाके बसतात का?

बसतात, पण टिकतीलच असं नाही. टाका ओढला की धागाच कातडी कापत बाहेर येतो. त्यामुळे डॉक्टर बारीक धागा वापरतात, टाके कडेपासून थोडे दूर घेतात, संख्या वाढवतात आणि घट्ट आवळत नाहीत. काही ठिकाणी कातडी जोडणारा गोंद वापरतात. लहान जखमा मुद्दाम उघड्या ठेवून भरू देणंही योग्य ठरतं. गंमत म्हणजे या जखमा भरतात बऱ्यापैकी लवकर. वण मात्र पातळ, चमकदार, सुरकुतलेला राहतो आणि तो पुन्हा फाटू शकतो.

डॉक्टरांकडे नेताना काय सांगू?

नोंदणीच्या खिडकीवरच सांगा, आणि केसपेपरवर ठळक अक्षरांत लिहायला लावा: 'कातडी नाजूक. मानगूट धरू नये.' नेहमीचे डॉक्टर ओळखीचे असले तरी त्या दिवशी मदतीला असलेल्या नव्या माणसाला माहीत नसतं, आणि मांजर पकडायचं काम तोच करतो.

पिंजरा वरून उघडणारा घ्या. पुढच्या दारातून ओढून काढण्यात फार नुकसान होतं. आत जाड टॉवेल ठेवा, त्यातच गुंडाळून तपासता येतं. मांजर घाबरट असेल तर घरून निघण्यापूर्वी द्यायचं शांत करणारं औषध, बऱ्याचदा गॅबापेन्टिन, डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. धरून ठेवण्यापेक्षा गुंगी देणं या मांजरासाठी अधिक सुरक्षित असतं.

केस काढायच्या मशीनबद्दल स्वतःहून आठवण करा. सैल घडी पात्यात अडकते आणि क्षणात भोक पडतं. कातडी हाताने सपाट धरून, सावकाश, किंवा शक्य तिथे कात्रीने. रक्त काढल्यावर शीर दोन-तीन मिनिटं दाबून ठेवायला सांगा, नाहीतर खाली गाठ होते. सलाइनची सुई अंगाला चिकटपट्टीने बांधू नये. लसीची सुई बारीक. मायक्रोचिपची सुई जाड असते, म्हणून ती नसबंदीच्या भुलीतच बसवून घेतलेली बरी.

नसबंदी करावी का? भूल झेपेल?

करावी. पिल्लं होऊ द्यायची नाहीतच, शिवाय माजावर आलेलं मांजर पळायला बघतं, भांडतं. भुलीची अडचण सहसा नसते. टाके आणि हाताळणी यांची असते, म्हणून सर्जनला आधीच निदान कळवा. पोटाच्या भिंतीत हर्निया आहे का, तेही त्याच वेळी बघता येतं.

कातडीशिवाय आणखी कुठे त्रास होतो?

कोलॅजन सगळीकडे असतं, त्यामुळे होऊ शकतो. सांधे सैल होऊन निखळणं, हर्निया, डोळ्यातलं भिंग जागेवरून सरकणं. डोळा एकाएकी लाल किंवा धूसर दिसला, मांजर वस्तूंवर आपटायला लागलं, तर थांबू नका. वर्षातून एकदा डोळे आणि सांधे तपासून घ्या. बऱ्याच मांजरांत कातडीपलीकडे काही होत नाही.

घोड्यांमध्येही असं काहीतरी असतं ना?

हो. क्वार्टर हॉर्स जातीत हेर्डा नावाचा आजार आहे. पाठीवर खोगीर चढलं की कातडी सुटायला लागते, म्हणून तो बऱ्याचदा घोडा दोन वर्षांचा होऊन सवारीला लागल्यावर कळतो. त्याचं पीपीआयबी हे जनुक २००७ मध्ये सापडलं. तिथे चाचणीमुळे वाहक ओळखून जोड्या टाळता येतात. मांजरांत एकच बदल नसल्याने तितकं सोपं नाही.

पंख असलेल्या मांजरांचे फोटो खरे असतात का?

काही खरे असतात, पण ते पंख नसतात. खांद्यापाशी किंवा पाठीवर कातडीच्या लांब घड्या लोंबल्या की चालताना त्या हलतात आणि पंखांचा भास होतो. त्यामागे हा आजार असू शकतो. लांब केसांच्या, दुर्लक्षित मांजरांत केसांच्या मोठ्या गाठींमुळेही तसंच दिसतं. दोन्ही बाबतीत त्या मांजराला गरज असते ती डॉक्टरची.

आणि कृपा करून कातडी ताणून दाखवणारे व्हिडिओ काढू नका, पसरवूही नका. लोकांना ते मजेदार वाटतात. प्रत्येक ताणात आतले तंतू तुटत असतात.

असं मांजर किती जगतं?

घरात सांभाळलेलं, सौम्य आजार असलेलं मांजर चांगलं दीर्घ आयुष्य जगू शकतं. खेळतं, उन्हात लोळतं, तुमच्यावर रुसतं. तीव्र आजारात चिरा थांबतच नाहीत, एक भरते तोवर दुसरी. तिथे दयामरणाचा प्रश्न येतो आणि तो विचारायला लाजू नये. ठरवताना एकूण जखमा मोजण्यापेक्षा दोन जखमांमधले दिवस बघा. त्या दिवसांत ते खातं का, अंग चाटतं का, स्वतःहून जवळ येतं का? दिनदर्शिकेवर खुणा करत गेलात तर डॉक्टरांशी बोलताना भावनेच्या भरात काही सुटत नाही.

आम्ही आठवडाभर बाहेर जाणार आहोत. मांजर कुणाकडे ठेवू?

अनेक मांजरं असलेल्या बोर्डिंगमध्ये नको. ओळखीचा माणूस तुमच्याच घरी येऊन बघेल अशी व्यवस्था करा. त्याला आधी दोन-तीनदा बोलावून तुमच्यासमोर उचलायला लावा, नुसतं तोंडी सांगून भागत नाही. फ्रिजवर कागद लावा: डॉक्टरांचा नंबर, रात्रीच्या दवाखान्याचा नंबर, सलाइन आणि गॉझ कुठे आहे, कोणतं औषध द्यायचं नाही. आणि त्याला स्पष्ट सांगून ठेवा की मांजर कपाटामागे जाऊन बसलं तर ओढून काढायचं नाही. वाटी तिथेच सरकवायची आणि दार लावून निघायचं.